दवाखाना चालतोय, मीच चालेनाशी झालेय

दंतकथा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज लिहायला बसले कारण घरात हा विषय काढला की दोनच उत्तरं मिळतात. नवरा म्हणतो, "मग बंद कर." सासूबाई म्हणतात, "नजर लागलीय कुणाची तरी."

मी बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टर. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २०१२ पासून स्वतःचा दवाखाना आहे. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत भाड्याचे दोन गाळे, एक चेअर, एक असिस्टंट. पेशंट भरपूर. पैशाची ओरड नाही, म्हणजे हप्ते जातायत, मुलाची फी जातेय, गावात नाव आहे. मग रडगाणं कशाचं? तर गेल्या दिवाळीपासून सकाळी शटर वर करायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. पहिला पेशंट आलाच नाही तर बरं, असं वाटतं. आणि खरंच नाही आला की भाड्याचा विचार सुरू होतो. म्हणजे दोन्हीकडून मीच.

काम किती पडतं हा मुद्दा नाही, हे मला आता कळून चुकलंय. एखाद्या दिवशी ओळीने चार दाढा काढल्या तरी मी गाणं गुणगुणत घरी येते. दाढ काढणं सरळ असतं. भूल द्या, धरा, हलवा, काढा, कापूस चावायला द्या, बर्फ लावायला सांगा, संपलं. पेशंटही खूश, आपणही. जीव जातो तो बाकीच्यात.

परवाचंच सांगते. पंचविशीतला मुलगा, खालच्या मागच्या दाढेची आरसीटी, म्हणजे रूट कॅनाल. तोंड उघडतं दोन बोटं, तेही ताणून. कारण अर्थातच गुटखा. (राज्यात गुटखाबंदी आली तीही २०१२ सालीच. बंदी आणि माझा दवाखाना एका वयाचे. टपरीवरच्या पुड्या दोघांनाही पुरून उरल्यात.) अशा तोंडात पंचवीस मिलिमीटरची फाईल, म्हणजे दाताचं मूळ आतून साफ करायची बारीक सुई, आत जाते कुठे? वरचे दात आडवे येतात. एकवीसची घ्यायची आणि बोटांच्या चिमटीत तिरकी धरून उतरवायची. श्वासाने आरसा धुरकटतो, तो त्याच्याच गालाला आतून घासून साफ करायचा. गाल ओढावा तर ओढला जात नाही, जीभ मात्र दर मिनिटाला फाईलवर येऊन बसते. माझी मान उजवीकडे वळलेली, डावा खांदा वर. त्याला जरा दुखलं की तो माझं मनगट पकडतो, आणि तेव्हा माझ्या हातात त्याच्या दाढेत अर्धी गेलेली फाईल असते. त्यातच दारातून असिस्टंट, "मॅडम, ते कॅप निघालेले काका आलेत, त्यांची साडेअकराची गाडी आहे." कॉम्प्रेसरचा आवाज बदललेला, म्हणजे टाकीत पुन्हा पाणी साठलंय. मोबाईल ड्रॉवरमध्ये थरथरतोय. आणि हे सगळं चालू असताना माझा आवाज कसा, तर मऊ. "झालंच हं बाळा, आता नाही दुखणार."

तासाभराने बाहेर आले तर वडील काउंटरशी. "डॉक्टरीणबाई, नुसतं सिमेंट भरायचं साडेतीन हजार?" मग तेच पुन्हा समजावायचं. नस, पू, मूळ, एक्स-रे दाखवायचा. ते मान डोलावतात आणि म्हणतात, "ऊस गेला की देतो." कारखान्याची तोड कधी येणार, बिल कधी निघणार, हे मला माझ्या मुलाच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ आहे.

दुसरी गोष्ट मी घरी बोललेली नाही. चाळिशीतले एक गृहस्थ दात ठणकतोय म्हणून आले होते. दाताचं काम किरकोळ होतं, पण गालाच्या आत जखम दिसली. कडा उचललेली, बोट लावलं तर टणक. म्हटलं, मिरजेला जाऊन तुकडा तपासून घ्या, आजच जा. चिठ्ठी लिहून दिली. ते म्हणाले, "ताई, आत्ता नुसती गोळी द्या, सुगी उरकली की जातो." मी दोनदा फोन केला. एकदा मालकीणबाईंनी उचलला, "रानात हायती." पुढे ते आले तेव्हा गालावर बाहेरून दिसत होतं. चार-पाच मिनिटं ते माझ्या चेअरवर बसले होते, मी काय बोलले ते मला आता आठवत नाही. ते उठून गेले आणि लगेच पुढच्या बाई मुलीच्या तारांचा भाव विचारायला आत आल्या. मी भाव सांगितला. मीच हप्त्याने चालेल म्हणाले.

रात्री मी दात आवळते. सकाळी जबडा ठणकत असतो. लोकांना नाईटगार्ड (रात्री दातांवर चढवायचं कवच) देणारी मी, शेवटी असिस्टंटकडून स्वतःचं माप घेऊन लॅबला पाठवलं. लॅबवाल्याने पेशंटचं नाव विचारलं तर सासूबाईंचं नाव सांगितलं, उगाच गावभर नको. आणि एक गोष्ट मला स्वतःलाच आवडलेली नाही. हल्ली पेशंटचं नाव लक्षात राहत नाही, दाताचा नंबर राहतो. असिस्टंट म्हणते पाटीलकाका आलेत, माझ्या डोक्यात येतं, "छत्तीस आला."

तर ज्यांच्यावर ही वेळ आली होती त्यांनी सांगावं. दवाखाना बंद न करता यातून कसे निघालात? दंतवैद्यच हवेत असं नाही. "योगा करा" म्हणणाऱ्यांना आगाऊ नमस्कार. करते, आणि शवासनातही कॉम्प्रेसर ऐकू येतो.

स्पष्टवक्ता_७७

राग मानू नका पण एका दाताचे सहा-सात हजार घेता तुम्ही लोक. दिवसाला तीन दात केले तरी वीस हजार. आम्ही महिनाभर राबतो त्याला. एवढ्या पैशात कुणालाही ताण सहन होईल. 😀

दंतकथा

@स्पष्टवक्ता, राग नाही, हा प्रश्न मला रोज काउंटरवर येतो, इथे फुकट उत्तर देते. आमच्या गावात आरसीटी साडेतीन आणि साधी कॅप अडीच, मिळून सहा. हे सहा हजार एका दिवसाचे नसतात, पेशंट तीन-चार वेळा येतो, आणि मधे दुखायचं थांबलं की यायचाच बंद होतो. लॅबवाला कॅपचे सहा-सातशे घेतो. रोटरी फाईलचं पाकीट दीड-दोन हजारांचं, थोडे पेशंट झाले की फेकावंच लागतं, कारण जुनी फाईल आत मोडली तर पुढची कथा तुम्हाला सांगायला नको. अवघड केस असेल तर सांगलीहून एन्डोवाले, म्हणजे रूट कॅनालचे तज्ज्ञ, सर येतात, निम्मे त्यांचे. उरलेल्यात भाडं, वीज, असिस्टंट, चेअरचा हप्ता, डिजिटल एक्स-रेच्या सेन्सरचा हप्ता, सुया आणि काढलेले दात वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्यांतून नेणाऱ्या गाडीचं बिल. दवाखाना बंद असला तरी यातलं बरंचसं चालूच असतं. मार्च २०२० नंतर ते नीट कळलं. तोंडातल्या फवाऱ्याची सगळ्यांना धास्ती, दवाखाना बंद, आणि हप्त्यांना मात्र कसलाही विषाणू झाला नाही.

आणि मेडिक्लेम बहुतेकांच्या दाताला लागू होत नाही, त्यामुळे पेशंटला सगळा आकडा खिशातून द्यावा लागतो. त्याचा त्रागा मला समजतो हो. तो जिथे बसतो तिथे समोर मीच असते, एवढंच.

गोदाकाठ

डॉक्टर, तुमचं वाचून मला माझा २००३-०४ चा काळ आठवला. मी नाशिकला. ८९ साली पास झालो, आता आठवड्यातून चारच दिवस बसतो.

माझं निमित्त मानेचं झालं. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी बधिर व्हायला लागली. एमआरआय काढला तर मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी सरकलेली. ऑर्थोपेडिकवाला मित्र म्हणाला, अजून पाच वर्षं असाच वाकलास तर हातात एअरोटर (दात कोरायचं यंत्र) धरता येणार नाही. तोपर्यंत मला अभिमान होता की मी सकाळी नऊ ते रात्री नऊ बसतो. मग पहिली गोष्ट सुधारली ती बसण्याची. वरचे दात बघायला मान घालून वाकायचं नाही, पेशंटला पूर्ण आडवं करायचं, आपण त्याच्या डोक्यामागे बाराच्या काट्यावर बसायचं आणि आरशात बघून काम करायचं. कॉलेजात शिकवलं होतं, धंद्यात घाईने विसरलो होतो. पहिले दोन महिने हात उलटे चालतात, चिडचिड होते. मग बसतं. भिंगाचा चष्मा घ्या, महाग आहे पण मानेच्या ऑपरेशनपेक्षा स्वस्त. तुम्ही जो डावा खांदा लिहिलाय ना वर, तो मला वाचूनच दुखला.

पण खरा बदल दुसराच. मी उधारी बंद केली. एका रात्रीत नाही, नव्या पेशंटपासून. फळ्यावर दर लिहिले: तपासणी, एक्स-रे, आरसीटी, कॅप. पहिल्या बैठकीला निम्मे. बायको म्हणाली पेशंट तुटतील. तुटले. जे तुटले त्यातले बरेचसे मला रात्री नऊनंतर फोन करणारे होते, हे नंतर वही बघितल्यावर लक्षात आलं. घासाघीस करायला मी काउंटरवर येणंच बंद केलं. पैशाचं बोलणं असिस्टंट करते, मी आत. डॉक्टरने हातमोजे काढून हिशोब करायला बसणं, हे तुमच्या त्या एका तासापेक्षा जास्त थकवतं, माझ्यावर विश्वास ठेवा.

आणि प्रत्येक पेशंटचा कागद. काय दिसलं, काय सांगितलं, त्याने काय नाकारलं, त्याची सही. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं तेव्हा आमच्या पिढीची पळापळ झाली होती. मी तेव्हापासून लिहितो. कोर्टात जायची वेळ कधी आली नाही, पण रात्री "आपण त्याला सांगितलं होतं का?" हा प्रश्न पडत नाही. तुमच्या त्या सुगीवाल्या गृहस्थांना तुम्ही चिठ्ठी दिलीत, दोनदा फोन केलात. ते लिहून ठेवा. कुणाला दाखवायला नको, तुमच्यासाठी.

शेवटचं. एकटीने करू नका. एक नवीन बीडीएस ठेवा. आजकाल पंधरा हजारांत मुलं-मुली मिळतात, उत्साही असतात, स्केलिंग (दात साफ करणं), फिलिंग सगळं बघतात. तुम्ही फक्त अवघड कामं करा.

दंतकथा

सर, मनापासून धन्यवाद. आरशातून काम करायचं उद्यापासूनच सुरू करते. मानेचं वाचून घाबरले.

पण काही गोष्टी नाशकात चालतात त्या इथे चालतील का, शंका आहे. माझ्याकडे "सकाळची अपॉइंटमेंट" म्हणजे एसटी पोचेल तेव्हा. आठवडी बाजारच्या दिवशी लोक भाजी, बियाणं आणि दात एकाच फेरीत उरकतात. अमावस्येला दात काढून घ्यायला कोणी येत नाही आणि दुसऱ्या दिवशी दारात रांग. वरचा दात काढला की डोळे जातात, हे अजूनही दर आठवड्याला कुणीतरी सांगतं आणि मी दर आठवड्याला तितक्याच उत्साहाने खोडते, म्हणजे खोडायचे. उधारी बंद केली तर समोरच्या गल्लीत एक आहेत, पदवी कसली ते कुणी विचारत नाही, ते तीनशेत काहीतरी भरून देतात. सहा महिन्यांनी तोच दात गळू घेऊन माझ्याकडे. मग मला वाटतं, त्यापेक्षा उधारी बरी.

फळ्यावर दर मात्र लिहिते. आणि काउंटरवर जाणार नाही. हे जमेल.

अक्कलदाढ

गोदाकाठ सर, नमस्कार. तुमच्या त्या पंधरा हजारांत मिळणाऱ्या मुलींपैकी मी एक. अठरा मिळतात, तीन हजार पुण्याचे असावेत.

पाच वर्षं बीडीएस, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. खाजगी कॉलेज. वडिलांनी काढलेलं कर्ज अजून आहे. एका साखळी दवाखान्यात आहे, नाव लिहीत नाही. सकाळी दहा ते रात्री आठ, दुपारी जेवणाची सुट्टी "पेशंट नसेल तर". मला दर महिन्याला टार्गेट आहे. तपासणीला आलेल्यांपैकी किती जण उपचाराला "कन्व्हर्ट" झाले याचा तक्ता असतो, सोमवारी मीटिंगमध्ये तो पडद्यावर लावतात, नावासकट. मॅनेजर एमबीए आहे. तो विचारतो, "डॉक्टर, या पेशंटला फक्त फिलिंग का सुचवलंत?" कारण त्याला फक्त फिलिंगच हवं होतं! मी असं उत्तर दिलं, तर तक्त्यात माझं नाव खाली गेलं.

दंतकथाताई, तुम्हाला शटर उघडताना गोळा येतो, मला तक्ता उघडताना. मी तुमच्यासारखा स्वतःचा गाळा असावा म्हणून रात्री हिशोब करते. चेअर, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, डिपॉझिट धरून आकडा वाचला की झोपते. आज तुमची पोस्ट वाचली. आता काय स्वप्न बघू ते सांगा 🙂

आणि सर, राग मानू नका. पण "तुम्ही अवघड कामं करा, बाकीचं ती बघेल" हे आम्ही प्रत्येक मुलाखतीत ऐकतो. बाकीचं म्हणजे दिवसभर स्केलिंग, रडणारी मुलं, आणि सर जेवायला गेल्यावर चिडलेले पेशंट. ताण कमी होत नाही सर, खालच्या खुर्चीकडे सरकतो.

गोदाकाठ

अक्कलदाढ, तुम्ही लिहिलंत ते टोचलं. पण मी तो भाव ठरवलेला नाही, बाजारात तोच चालू आहे. राज्यातून दरवर्षी इतकी मुलं बाहेर पडतात, सरकारी नोकऱ्या हाताच्या बोटांवर. मी माझ्याकडच्या मुलीला एक वर्षानंतर टक्केवारीवर घेतलं होतं.

अक्कलदाढ

एक वर्षानंतर. :)

रातराणी

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, दंतवैद्य नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये डॉक्टर बरेच असतात, म्हणून लिहिते.

दंतकथा, तुम्ही जे लिहिलंत त्यातली "छत्तीस आला" ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या केली, त्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. पहिली दोन तुमच्या पोस्टमध्ये ठळक आहेत. तिसरी मला फारशी दिसली नाही, आणि ते बरं आहे. दोन बोटांच्या उघडीत आरसीटी पूर्ण केली हे तुम्ही ज्या तपशिलाने लिहिलंत, त्यात कामाचा आनंद अजून शिल्लक आहे असं मला वाटलं. त्याच व्याख्येत हेही आहे की हा आजार म्हणून नोंदलेला नाही, कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदलेला आहे. म्हणून नुसतं शवासन पुरत नाही. ताण ज्या कामातून येतो ते बदलावं लागतं, आणि गोदाकाठ सरांनी काउंटरवरून उठणं वगैरे जे सांगितलं ते त्याच जातीचं आहे.

मात्र एक तपासून बघा. दवाखाना दोन-चार दिवस बंद असतो, माहेरी किंवा कुठे फिरायला जाता, तेव्हा बरं वाटतं का? जेवण, मुलाशी खेळणं, एखादी मालिका, यात रस येतो का? येत असेल तर कामाकडे बघू. पण तिथेही सगळं बेचव झालं असेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप लागत नसेल, जगण्याचाच कंटाळा मनात येत असेल, तर ते बर्नआउटच्या पलीकडचं आहे आणि त्यावर उपचार आहेत. गावात कुणाला दिसायला नको असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टरांना मी आवर्जून सांगते: स्वतःची झोपेची गोळी स्वतः लिहायची नाही. पॅड हाताशी असतं म्हणून हे फार सहज होतं.

त्या गृहस्थांबद्दल. शल्यविशारदांकडे किमान विभाग असतो, सहकारी असतात, चहाला बसून "अरे आज काय झालं" म्हणता येतं. तुम्ही वाईट बातमी देता, ती एकटीने देता, आणि मागोमाग तारांचा भाव सांगता. आसपासच्या तालुक्यांतले तीन-चार दंतवैद्य महिन्यातून एकदा जेवायला भेटा. व्याख्यान नको, कंपनीचं प्रायोजकत्व नको. प्रत्येकाने एक केस सांगायची, जी डोक्यातून जात नाही ती.

लेस्टरकर

इथे कुणीतरी लवकरच "परदेशी जा" म्हणेल म्हणून आधीच लिहितो. मी गेलो. मुंबईच्या नायरमधून बीडीएस, मग ओआरईचे (परदेशी दंतवैद्यांसाठीची इकडची परीक्षा) दोन्ही भाग, आता इंग्लंडात एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, दवाखान्यात.

इकडे पेशंटशी घासाघीस नाही, हे सुख खरं. पण २००६ पासून इथे युनिटचा हिशोब आहे. वर्षाला अमुक युनिट कामाचा करार. तपासणी म्हणजे एक युनिट. फिलिंग म्हणजे तीन, आणि बरीच वर्षं पेशंटचा एक दात भरला तरी तीन आणि सहा भरले तरी तीनच. दाढेची आरसीटीही त्याच तिनात! २०२२ च्या शेवटी थोडी सुधारणा झाली, तीन किंवा जास्त दातांच्या फिलिंगला पाच, दाढेच्या आरसीटीला सात. वर्षअखेर ९६ टक्क्यांच्या खाली गेलात तर पैसे परत मागतात. म्हणजे ज्या पेशंटचं तोंड सगळ्यात वाईट, त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ आणि त्याचे युनिट सगळ्यात कमी पडायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या स्टाफरूममध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. शिवाय जनरल डेंटल कौन्सिलकडे (दंतवैद्यांवर देखरेख करणारी इथली संस्था) तक्रार गेली की महिनोन्‌महिने त्याचा निकाल लागायची वाट बघायची.

अक्कलदाढ, तुझा तो सोमवारचा तक्ता मला अगदी ओळखीचा वाटला. पगार पौंडांत आहे, बाकी तोच.

तरी मी परत येणार नाही, हेही खरं. पाच वाजता दवाखाना बंद होतो आणि पेशंटकडे माझा मोबाईल नंबर नसतो. दंतकथा, तुम्ही बाकी काही करू नका, पण दवाखान्याचा नंबर वेगळा घ्या आणि तो फोन रात्री गाळ्यातच ठेवा.

स्पष्टवक्ता_७७

वाचून घेतलं सगळं. माझी एक आरसीटी अर्धवट आहे दोन वर्षं. दुखायचं थांबलं होतं. उद्या जातो.

दंतकथा

@स्पष्टवक्ता, जा. आणि घासाघीस करू नका. :D

सगळ्यांना उत्तर एकत्र देते, आज दवाखान्यात लाईट नाही.

रातराणीताई, नणंदेच्या लग्नाला कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा मी पहाटेपर्यंत नाचले. तांबडा-पांढरा दोनदा वाढून घेतला. त्यामुळे गाडी अजून कामावरच अडलीय असं समजते. विटा आणि तासगावच्या दोन मैत्रिणींना मेसेज केला, जेवायला भेटायचं. एकीचा लगेच फोन आला आणि ती पाऊण तास तिचंच बोलत होती. म्हणजे गरज एकटीची नव्हती.

वेगळा नंबर घेतला. पहिल्या रात्री झोप लागेना, कुणाला सूज आली असेल तर? मग दारावर सरकारी दवाखान्याचा आणि १०८ चा नंबर लावला. सूज वाढून गिळता येत नसेल तर तसंही माझ्याकडे येऊन उपयोग नसतो, थेट मोठ्या दवाखान्यातच जायला हवं. इतकी वर्षं मी तो फोन उचलून हेच सांगत होते.

आता अक्कलदाढ, तुझ्याशी बोलायचंय. तू लिहिलंस ते मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतेय. गोदाकाठ सरांचं खरं की एकटीने होत नाही, आणि तुझंही खरं की पंधरा हजारांत माणूस ठेवून मी माझा ताण तिच्या खुर्चीत ठेवीन. माझा दुसरा गाळा सध्या सामान ठेवायला वापरते. दुसरी चेअर जुनी मिळतेय, सांगलीचे एक सर निवृत्त होतायत. मी असा विचार करतेय: पगार नको, तुझ्या चेअरवर जे काम होईल त्याचे चाळीस टक्के तुझे, आणि पहिलं वर्षभर महिना पंचवीसची हमी, काम कमी झालं तरी. स्केलिंग आणि लहान मुलं दोघींनी वाटून. बाजारच्या दिवशी दोघी, बाकी एक दिवस तू पूर्ण सुट्टी, एक दिवस मी. तक्ता नाही. गाव लहान आहे, मॉल नाही, राहायला वरची खोली आहे पण माकडं त्रास देतात. आई-वडिलांना विचार आणि मग व्यक्तिगत निरोप कर. घाई नाही.

अक्कलदाढ

ताई, हे मी तीनदा वाचलं.

माकडं चालतील. चाळीस टक्के लॅबचे पैसे वजा करून की आधी?

दंतकथा

लॅब आणि फाईली माझ्याकडे. चाळीस टक्के पेशंटने दिलेल्या रकमेवर. फक्त ऊस गेल्यावर मिळणाऱ्यांवर, ऊस गेल्यावर.

गोदाकाठ

हमी लिहून घ्या दोघींनी. स्टँपपेपरवर.